उघड्यावरचं जेट विमान रंगवायचंय, कुठला रंग टिकेल?

पंखाखाली

नमस्कार मंडळी. एका छोट्या लष्करी संग्रहालयात मी सुट्टीच्या दिवशी विनामोबदला काम करतो. पेशाने लेखापाल, त्यामुळे हातात पाना दिलात तर तो कुठल्या टोकाने धरायचा इथपासून सुरुवात. हे आधीच सांगितलेलं बरं.

आमच्याकडे एक दोन आसनी जेट प्रशिक्षण विमान आहे, एक हलका रणगाडा आणि दोन तोफा. तोफा छपराखाली आहेत. विमान आणि रणगाडा आभाळाखाली. विमान त्या जागी उभं राहून सत्तावीस वर्षं झाली. आत इंजिन नाही, ते येण्याआधीच काढलेलं होतं.

आता एक देणगीदार मिळालेत. वर्धापनदिनाच्या आत विमान रंगवून द्यायचा सगळा खर्च ते करणार आहेत. हातात सहा आठवडे आहेत. समितीचा बेत असा : प्रेशर जेटने धुवायचं, सँडर (घासायचं यंत्र) फिरवून जुना रंग पूर्ण काढायचा, वर चकचकीत एनॅमलचे दोन हात. शिवाय त्या दिवशी कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उघडून मुलांना कॉकपिटमध्ये बसू द्यायचं.

मला फक्त रंगाचं विचारायला सांगितलंय. पण परवा डाव्या पंखाच्या मुळाशी हात फिरवला तर रंगाला फुगे आलेले दिसले. एक फुगा नखाने उचकटला आणि आतून पांढरी भुकटी गळली, टाल्कम पावडरसारखी. समितीतले एक जण म्हणाले, "तो जुन्या रंगाचा चुना आहे, धुतलं की जाईल." जाईल का?

रंगारीदादा

एनॅमल लावू नका. उन्हात दोन वर्षांत खडूसारखा हाताला लागतो. इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन लावा. आणि चकचकीत कशाला? जुने फोटो शोधा, त्या काळी त्या विमानाला कुठली छटा होती, मॅट होती की अर्धी चमक, ते बघून लावा. नाहीतर लष्करी विमान नव्या मोटारसायकलीसारखं दिसतं. भुकटीबद्दल मला कळत नाही, इथे एक जुने फिटर आहेत, ते येतील.

जुना फिटर

आलो. रंगाचा डबा बंद करा आणि आधी बादली आणा.

मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं आणि पत्र्याचं काम बघणारा. बावीस वर्षं हवाई दलात, नंतर नऊ वर्षं संग्रहालयातल्या विमानांवर. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात. नोकरीत विमान उद्या उडायचं असतं म्हणून शंका आली की भाग बदलायचा. संग्रहालयात भाग बदलला की तेवढं विमान कमी झालं. हे डोक्यात शिरायला मला दोन वर्षं लागली. तोवर काय काय भंगारात टाकलं ते इथे लिहीत नाही.

ती पांढरी भुकटी चुना नाही. ते तुमचं विमान आहे.

विमानाचा पत्रा म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे. ते मऊ असतं, त्याचं भांडं होईल, पंख होणार नाही. जर्मनीत आल्फ्रेड विल्मने १९०६ ते १९०९ या काळात त्यात चारेक टक्के तांबं घालून ड्युरॅल्युमिन बनवलं, तेव्हा कुठे हलका आणि ताकदीचा पत्रा मिळाला. पण ज्या तांब्याने ताकद दिली तेच ओल मिळाली की आतून खायला लागतं. म्हणून पुढे त्या पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवू लागले. एका बाजूचा थर पत्र्याच्या जाडीच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर. तुमची समिती सँडर फिरवणार म्हणजे नेमका तोच थर सोलणार. दोन वर्षं विमान सुंदर दिसेल, मग एकदम सगळीकडून फुगेल.

सँडरला नाही म्हणायचं दुसरं कारण. रंगाखाली पिवळट हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट असण्याची शक्यता मोठी. त्याची धूळ छातीत गेली तर कर्करोगाचं निमित्त होते. तुमचे स्वयंसेवक तोंडाला रुमाल बांधून उभे राहणार, आणि रुमालाने ती अडत नाही. त्या रंगाला हात लावायचाच असेल तर ज्यांचा तो धंदा आहे त्यांनी, योग्य मास्क लावून, ओलं करून.

आता बादली. विमानाच्या पोटाखाली जमिनीवर आडवे व्हा. मधल्या रेषेवर पेन्सिल जेमतेम जाईल अशी भोकं रांगेत दिसतील. पंखांच्या खालच्या अंगालाही असतात. आत शिरलेलं पाणी बाहेर जायला कारखान्यानेच ती ठेवलेली असतात. उडणाऱ्या विमानात आम्ही ती वरचेवर तपासायचो. उभ्या विमानाला दर काही वर्षांनी रंग लागतो आणि दर वेळी रंगारी ती बुजवतो (रंगारीदादा, राग नसावा). मग कॅनोपीच्या रबरातून, इंजिनाच्या रिकाम्या तोंडातून, पॅनेलच्या फटीतून गेलेलं पाणी आतच राहतं. वरून ऊन. आत कायमची वाफ. एखादी लाकडी काडी घ्या, ती भोकं एकेक करून मोकळी करा आणि खाली बादली धरा. तोंड बाजूला ठेवा.

पाणी निघालं तर ते किती, रंग कसा, कुठल्या भोकातून, हे लिहून ठेवा. लेखापाल आहात, तुमच्याइतकं नीट कोणी लिहिणार नाही.

मग पंखाच्या मुळाशी कडेने नजर लावून बघा, बॅटरीचा उजेड आडवा पाडून. रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) मधला पत्रा उशीसारखा फुगलेला दिसला तर आतल्या जोडात भुकटी साठते आहे. तिला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, ती पत्रा उचलते आणि शेवटी रिव्हेटची डोकी उडवते. जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडलाय तिथे तर बघाच. दोन धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे फुकटची बॅटरी. त्यात मरतं ते ॲल्युमिनियम.

प्रेशर जेट अजिबात नको. तो पाणी जोडांच्या आत ठोकतो. मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर साधं पाणी, वरून खाली. आणि कोणी उत्साहाने लोखंडी घासणी आणली तर तिला दाराबाहेर ठेवा. तिचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कण एक नवा खड्डा पाडतो. मी हे स्वतः केलेलं आहे. एका सबंध पंखावर.

कॉकपिटचं ऐका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. जेट आहे म्हणजे बहुधा इजेक्शन सीट आहे. त्या सीटखाली माणसाला विमानाबाहेर फेकणारी काडतुसं असतात. काही विमानांत कॅनोपीच्या काचेवर ती फोडणारी स्फोटक दोरी चिकटवलेली असते. ती सगळी काढून सीट निकामी केल्याचा लेखी दाखला तुमच्या फायलीत आहे का? "असेल" हे उत्तर नव्हे. कागद हातात येईपर्यंत कॅनोपी बंद. हे काम हवाई दलाच्या त्याच विषयातल्या माणसांचं. आपण पान्याने उघडून बघायचं नाही.

आणि कॉकपिटमधली घड्याळं. उपकरणं सत्तरच्या दशकाच्या आधीची असतील तर आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाहीत म्हणून सुटलो असं समजू नका. चमकणारा पदार्थ काही वर्षांत थकतो, रेडियम थकत नाही. ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच फुटलेलं एखादं घड्याळ असेल तर त्याला बोट लावायचं नाही, मुलांनी तर नाहीच. जाणकाराकडून मोजून घ्या.

रंग यानंतर. आणि रंगाच्याही आधी छप्पर.

पंखाखाली

काका, वाचून घाम फुटला. दाखला शोधतोय. विमान आलं तेव्हाची एक फाइल आहे, त्यात हस्तांतराचं पत्र आणि ट्रकवर चढवतानाचे तीन फोटो, बस्स. सीटबद्दल ओळ नाही. वर्धापनदिनाला कॅनोपी उघडणार नाही एवढं मी समितीकडून लिहून घेतलंय.

छपराचं अवघड आहे. अध्यक्ष म्हणाले, देणगीदाराला रंग दिसतो, छप्पर दिसत नाही.

जुना फिटर

त्यांचं नाव छपरावर लिहा, विमानावर नको.

थट्टा सोडा. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या एनोला गे या बी-२९ बॉम्बर विमानाने अमेरिकेत सुमारे सात वर्षं एका हवाई तळावर उघड्यावर काढली. आत पक्ष्यांनी घरटी केली, लोकांनी हाताला येईल ते उपटून नेलं. पुढे ते विमान १९८४ मध्ये कामाला घेतलं आणि अखंड जोडून लोकांसमोर उभं राहायला २००३ साल उजाडलं. सुमारे तीन लाख तासांचं काम. सगळं काही त्या सात वर्षांमुळे नव्हतं, पण हे तास तुमच्या अध्यक्षांना वाचून दाखवा. तुमची सत्तावीस झाली आहेत.

छप्पर होईपर्यंत कॅनोपीवर पांढरं, हवा जाणारं कापडी आच्छादन घाला. प्लास्टिकची ताडपत्री नको. खाली दव साठतं आणि वाऱ्याने फडफडून ती काच घासते. थिनरचा बोळा तर काचेजवळ नेऊच नका, ती काच नव्हे, ॲक्रिलिक आहे, जाळीसारखे तडे जातात. आणि विमान जमिनीला बांधलंय ना? इंजिन नाही म्हणजे हलकं, आणि पंखाला वारा लागला की उचलायचं एवढंच त्याला ठाऊक. ३ ऑक्टोबर १९७९ ला अमेरिकेत विंडसर लॉक्सला टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरचा प्रचंड वावटळी भोवरा, एका विमान संग्रहालयावरून गेलं, वीसहून जास्त विमानांची नासधूस झाली. बांधलेलं टिकलं असतं असं म्हणत नाही. पण साध्या वावटळीत तरी टिकेल.

चेनपट्टा

फिटरकाका विमानात रमले आणि बिचारा रणगाडा राहिला. मी जुन्या लष्करी गाड्यांवर काम करते, म्हणून माझे चार शब्द.

रणगाडा जाड पोलादाचा, त्याला काय होतंय, असं सगळ्यांना वाटतं. रणगाड्याचं धूड म्हणजे झाकण असलेला पोलादी टब. हॅचचं, म्हणजे आत उतरायच्या झाकणाचं, रबर वाळलं की पाणी आत जातं आणि तळाशी साठतं. मी एकदा चालकाच्या जागेवर उतरले ती पोटरीपर्यंत पाण्यात. बाहेरून तो नुकताच रंगवलेला होता, पाहुणे कौतुक करत होते. तळाला निचऱ्याची बुचं असतात, ती शोधा आणि उघडा. गंजलेली असतील, एका दिवसात निघणार नाहीत, रोज तेल सोडत राहा. हातोडा मारू नका.

आत वारा खेळू द्या. पोलादाच्या दृष्टीने हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज जोरात धरतो, आणि बंद रणगाड्यात ती रोजच जाते. जुनी बॅटरी आत असेल तर काढा, टाकीत डिझेल असेल तर काढा. खाली माती किंवा गवत असेल तर चेन तिथेच सडते. जाड फळ्या किंवा काँक्रीट हवं. चाकांवरचं रबर उन्हाने भेगाळतं, निदान दुपारची सावली द्या. ब्रेकच्या पट्ट्या आणि एक्झॉस्टवरचं गुंडाळण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते सोलायला जाऊ नका.

आणि कृपा करून मुलं आत शिरतील म्हणून हॅच वेल्ड करून टाकू नका. कुलूप लावा. वेल्ड केलेल्या रणगाड्याच्या आत काय चाललंय ते पुन्हा कोणालाच कळत नाही.

एक उदाहरण देते. ब्रिटनमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात टायगर १३१ हा जर्मन रणगाडा आहे, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला. त्याचं मूळ इंजिन पूर्वी कधीतरी लोकांना आतली रचना दाखवायला उभं कापलं गेलं होतं. त्या वेळी ते शहाणपणाचंच वाटलं असणार. पुढे रणगाडा पुन्हा चालता करायचं ठरलं तेव्हा संग्रहालयातल्याच टायगर २ या पुढच्या रणगाड्याचं इंजिन काढून यात बसवावं लागलं. २००३ मध्ये तो चालू लागला, पण दुसऱ्याच्या काळजावर. त्यामुळे तुमच्याकडे कोणी "आत बघता येईल असं कापूया" म्हणालं की हे आठवा.

उंच भरारी

सगळं पटतंय, पण वाचताना शवागारात फिरल्यासारखं वाटलं. विमान उडायला बनवलं होतं. उभं विमान बघून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. चार पिस्टन इंजिनं सुरू होतानाचा आवाज पोटात जाणवतो, तो कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार? शिवाय उडवायचं म्हटलं की ते काम येणारी माणसं तयार होतात. नाहीतर काकांसारखे लोक गेले की विद्याच संपली.

आपल्याकडचंच बघा. महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमानं आपल्या एचएएल या विमान कारखान्याने पुन्हा उभी केली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर आहेत त्यातली कित्येक तिथलीच. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयातलं, अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलं. एक तर अमेरिकेत १९८९ मध्ये पुन्हा उडालं. मोडीत निघालेली विमानं वापरली म्हणूनच वाचली ना?

जुना फिटर

लिबरेटरचं अगदी बरोबर. त्या माणसांपुढे टोपी काढतो. पण ती वाचली याचं आणखी एक कारण सांगतो. वापर संपल्यावर ती कोणी भट्टीत घातली नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर मलाही आवडतो, बावीस वर्षं त्याच आवाजात ऐकू कमी येऊ लागलंय. पण माझ्या डोक्यात दुसरी यादी आहे. २१ जुलै १९९६, ब्रिटनमधलं बार्टन, त्या वेळी उडत असलेलं एकुलतं एक मॉस्किटो विमान कोसळलं, दोघे गेले. २ ऑक्टोबर २०१९, नाइन-ओ-नाइन नावाचं बी-१७ बॉम्बर, सात जण. १२ नोव्हेंबर २०२२, डॅलस, बी-१७ आणि किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेत धडकली, सहा जण. ज्या प्रकारची डझनावारी शिल्लक आहेत ती उडवा, मी खाली उभा राहून टाळ्या वाजवीन. ज्याचं एकच उरलंय ते उडवू नका. आणि उडवायला घेतलं की स्पार (पंखाचा कणा) नवा, पत्रा नवा, नळ्या नव्या, इंजिन दुसरं. त्याला इलाजच नाही, माणूस बसणार असतो. मग जुनं म्हणून उरतं ते कारखान्याच्या नावाची पट्टी आणि आणखी थोडं काहीतरी.

याच्या उलट टोकाचं एक विमान आहे, आरएएफ संग्रहालयातलंच. हॅलिफॅक्स बॉम्बर, १९४२ मध्ये नॉर्वेत गोठलेल्या तळ्यावर उतरलं, बर्फ वितळल्यावर बुडालं, १९७३ मध्ये बाहेर काढलं. ते नवं करायच्या भानगडीत न पडता जसं निघालं तसंच ठेवलंय. फाटकं, चेपलेलं, मळकट. मी फोटोच पाहिलेत. पण कुठल्याही चकचकीत विमानासमोर मी इतका वेळ बसलो नसेन.

पंखाखाली, बादलीचं काय झालं?

पंखाखाली

सांगतो, आज सकाळचीच गोष्ट.

पोटाखाली अकरा भोकं सापडली. त्यातली नऊ रंगाने बुजलेली. पहिल्या तिघांतून काहीच नाही, आणि मला उगाच आनंद झाला. चौथं मोकळं केलं तर काळं पाणी सुटलं ते थांबेना. दीड बादली. सोबत गवताच्या काड्या, पिसं आणि एक कुजका वास, जो अजून माझ्या शर्टाला आहे. सगळं वहीत लिहिलंय, भोकांना नंबर देऊन.

देणगीदार नेमके त्याच वेळी रंगाची छटा बघायला आले होते. मी काही बोललो नाही, बादली त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ तिच्यात बघत राहिले. मग विचारलं, "हे दर पावसात होतं?" मी हो म्हणालो. छपराचं "बघतो" म्हणालेत, म्हणजे अजून काही नाही. पण सँडर परत गेला. रणगाड्याच्या बुचांना तेल सोडायला सुरुवात केलीय, चेनपट्टाताई. एकही हललेलं नाही.

अजून एक. त्या चौथ्या भोकाच्या बाजूला एक तपासणीचं पॅनेल होतं, सहा स्क्रूंचं. हवाई दलातून निवृत्त झालेले एक जण मदतीला होते, त्यांनी ते उघडलं. आत, चौकटीच्या कोपऱ्यात चिखलात रुतलेला एक छोटा स्क्रूड्रायव्हर मिळाला. मुठीवर कोरलेला नंबर आहे, ४१. पुसून चकचकीत करून टेबलावर ठेवू का? छान दिसेल.

जुना फिटर

पुसू नका! कागदात गुंडाळा, कुठल्या पॅनेलमागे, कुठल्या चौकटीत, कुठल्या बाजूला सापडला ते लिहा, जमलं तर फोटो.

अहो, हत्याराला नंबर असतो तो याचसाठी. पाळी संपली की पेटीत प्रत्येक हत्याराचा खाचा भरलेला दिसला पाहिजे, एक जरी कमी असलं तर विमान उडत नाही. कंट्रोलच्या तारांत अडकला असता तर संपलंच. एकेचाळीस नंबर ज्याच्या नावावर होता त्याने त्या रात्री अख्खं विमान उलटंपालटं केलं असणार, आणि त्याच्यामागे उभं राहून कोणीतरी त्याला झापलं असणार. माझा एकदा असाच हरवला होता. पहाटे चार वाजता सापडला, माझ्याच खिशात.

पॅनेलचे ते सहा स्क्रू जिथले तिथेच लावलेत ना?